डॉर्नाखची टेकडी: रुडॉल्फ स्टायनर, त्याचा ख्रिस्त आणि वाईटाची दोन तोंडं

नदीकाठ

मराठीत रुडॉल्फ स्टायनरचं नाव निघतं ते शाळेवरून, नाहीतर शेतीवरून. वॉल्डॉर्फ शाळा त्याच्या आणि बायोडायनॅमिक शेतीही त्याचीच. पण हे सगळं ज्यातून निघालं त्या ख्रिस्ती गूढविचाराबद्दल, म्हणजे अँथ्रोपॉसॉफीबद्दल, आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. मी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला राहते. दहा नंबरच्या ट्रॅमनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेलं की डॉर्नाख येतं, तिथे या चळवळीचं मुख्य केंद्र आहे. मी सभासद नाही, पण तिथे जाऊन व्याख्यानं ऐकते, नाटकं बघते. माझं म्हणणं आधीच सांगते: ही शिकवण पुस्तकांतून समजायला फार जड आहे, पण तिथल्या एका लाकडी शिल्पात ती जवळजवळ सगळी सापडते. शिल्पाकडे यायच्या आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

स्टायनर १८६१ साली क्रालयेवेचला जन्मला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील रेल्वेत नोकरीला. व्हिएन्नात तांत्रिक शिक्षण झालं, मग जर्मन कवी गोएथेच्या विज्ञानविषयक लेखनाचं संपादन आणि त्यातूनच १८९० मध्ये वायमारच्या गोएथे संग्रहात काम. गोएथेनं झाडाचं पान बघत बघत सगळ्या वनस्पतीचा नियम शोधला. डोळे उघडे ठेवून केलेलं हे निरीक्षण स्टायनरला अध्यात्मातही हवं होतं. चर्चशी त्याचं नातं त्या काळात जवळजवळ तुटलेलंच होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला ख्रिस्ताबद्दलचा स्वतःचा असा आंतरिक अनुभव आला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याभोवती फिरलं.

१९०२ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीच्या, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेच्या, जर्मन शाखेचा सरचिटणीस झाला. दहा वर्षं तिथे राहिला, पण पहिल्यापासून त्याची वाट वेगळी होती. भांडण पेटलं ते आपल्याकडच्या एका मुलावरून. १९०९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला, सोसायटीच्या मुख्य केंद्राशेजारच्या समुद्रकिनाऱ्यावर, तिच्यातल्या एका पुढाऱ्याला, लेडबीटरला, जिद्दू कृष्णमूर्ती दिसले आणि १९११ मध्ये त्यांना येणारा जगद्गुरू मानून 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संघटना निघाली. स्टायनर म्हणाला, हे मला मान्य नाही. ख्रिस्त देहात एकदाच आला, पुन्हा देहात येणार नाही. १९१२ च्या डिसेंबरअखेर कोलोनला अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटीची स्थापना झाली आणि अड्यारनं जर्मन शाखेची मान्यता काढून घेतली. (पुढे १९२९ मध्ये कृष्णमूर्तींनी स्वतःच ती संघटना विसर्जित केली. स्टायनर तेव्हा हयात नव्हता.)

आता कला. या लोकांना आधी हवी होती ती नाटकासाठी जागा. १९१० ते १९१३ या काळात स्टायनरनं दरवर्षी एक अशी चार 'रहस्यनाट्यं' लिहून म्युनिकमध्ये बसवली. त्यांत माणसांच्या एकाच जथ्याचे आधीच्या जन्मांतले हिशेब या जन्मात उलगडत जातात. म्युनिकमध्ये नाट्यगृह बांधायला परवानगी मिळाली नाही, तेव्हा डॉर्नाखची टेकडी मिळाली. २० सप्टेंबर १९१३ ला पायाभरणी झाली. गोएथेच्या नावावरून या मुख्य वास्तूला गोएथेआनम म्हणतात. पहिलं गोएथेआनम लाकडाचं होतं, एकमेकांत शिरलेले दोन घुमट आणि सात जातींच्या लाकडांतून कोरलेले खांब. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. टेकडीवर वेगवेगळ्या देशांचे लोक, ज्यांचे देश एकमेकांशी लढत होते, शेजारी शेजारी बसून लाकूड कोरत होते आणि जवळच्या अल्सास प्रांताच्या बाजूनं तोफा ऐकू येत होत्या. रशियन कादंबरीकार आंद्रेई बेली त्यांच्यातच होता.

१९२२ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री ती वास्तू जळून गेली. आग लावली गेली असाच बहुतेकांचा समज आहे, पण कोणावर सिद्ध झालं नाही. दुसऱ्या दिवशी, राख अजून धुमसत असताना, सुतारशाळेत ठरलेलं 'तीन राजांचं नाटक' ठरल्या वेळेला झालं. मला या माणसांबद्दल आदर वाटतो तो या एका गोष्टीसाठी. त्यांच्या कितीतरी मतांशी मी सहमत नाही, पण नाटक रद्द न करणारी माणसं मला कळतात.

दुसरं गोएथेआनम काँक्रीटचं. १९२४ मध्ये स्टायनरनं त्याचं प्रतिरूप केलं, ३० मार्च १९२५ ला तो वारला आणि १९२८ मध्ये वास्तू उघडली. काँक्रीटला असा वाक देणं तेव्हा नवलाचंच होतं. लांबून डोंगराचा सुटलेला कडा वाटतो. जवळ गेलं की साच्याच्या फळ्यांचे वण दिसतात, हात फिरवला तर लाकडाचे रेषे हाताला लागतात. आत जाड रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, प्रत्येक काच एकाच रंगाची आणि चित्र तिच्यातच कोरून काढलेलं. जिथे काच जास्त कोरली तिथे जास्त उजेड.

आणि ते शिल्प. नाव 'मानवतेचा प्रतिनिधी', उंची नऊ मीटरच्या आसपास, लाकूड एल्मचं. स्टायनर आणि इंग्लिश शिल्पकार एडिथ मॅरियन या दोघांनी मिळून केलं. काम चालू असताना एकदा परांचीवरून स्टायनर कोसळता कोसळता राहिला, त्याला मॅरियननं सावरलं. शिल्प अपुरं होतं म्हणून अजून कार्यशाळेतच होतं, आणि म्हणूनच आगीतून वाचलं. ते आजही अपुरंच आहे, पटाशीचे घाव दिसतात.

मध्ये ख्रिस्त उभा आहे. डावा हात वर, उजवा खाली. वरून ल्युसिफर कोसळतोय, पंख मोडलेले. खाली गुहेत अहरिमान आखडून पडलाय. गंमत अशी की ख्रिस्त कुणालाही मारत नाहीये. त्याचा चेहरा लढणाऱ्याचा नाही. स्टायनर बजावून सांगायचा की ख्रिस्त त्यांना पाडत नाही, त्याच्या सान्निध्यात ते स्वतःला सहन करू शकत नाहीत म्हणून पडतात.

इथेच स्टायनरची शिकवण नेहमीच्या ख्रिस्ती शिकवणीपासून फुटते. सैतान एक नाही, दोन आहेत. ल्युसिफर म्हणजे उधाण, अहंकार, जमीन सोडून उडण्याची ओढ, स्वतःच्या आध्यात्मिकतेची धुंदी. अहरिमान (हे नाव पारशांच्या परंपरेतून घेतलेलं) म्हणजे कोरडा हिशेब, माणसाला यंत्र समजणं, मोजता येईल तेवढंच खरं मानणं. एकाला सोडून दुसऱ्याकडे पळालं की माणसाला वाटतं मी वाईटातून सुटलो, आणि तो दुसऱ्या वाईटात पडलेला असतो. चांगलं म्हणजे या दोघांच्या मधली जागा, आणि ती दर क्षणी नव्यानं धरावी लागते.

बाकीची शिकवण थोडक्यात: पुनर्जन्म आणि कर्म मान्य. ख्रिस्त ही सूर्याशी निगडित विश्वशक्ती, ती यॉर्दन नदीतल्या बाप्तिस्म्याच्या वेळी येशूच्या देहात उतरली आणि तीन वर्षं राहिली. गोलगोथावर, म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं त्या टेकडीवर, जे झालं त्यानं पृथ्वीच बदलली, कोणी मानो न मानो. विचारा, जमेल तेवढं सांगते.

गिरगावकर

उत्तम लेख. एक भर घालतो. ज्या थिऑसॉफीतून स्टायनर बाहेर पडला तिचं भारतातलं पहिलं बिऱ्हाड आमच्या गिरगावात होतं. तिचे संस्थापक ब्लाव्हात्स्की बाई आणि कर्नल ऑलकट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 'थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईतूनच निघू लागलं. १८८२ च्या अखेरीस सगळं अड्यारला हललं. अॅनी बेझंट यांनी १९०१ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या गूढ बाजूवर आख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा ख्रिस्ताचा विषय थिऑसॉफीत नव्हता असं नाही. फरक एवढाच की तिथे ख्रिस्त अनेक महात्म्यांपैकी एक. स्टायनरला ते चालणार नव्हतं, हे तुमच्या लेखातून नीट कळलं.

शिवारातला

ताई, शेतीचं मी सांगतो. आम्ही शिंगखत करतो. मेलेल्या गाईची शिंगं मिळवायची, दुभत्या गाईचं ताजं शेण त्यात ठासून भरायचं आणि नवरात्राच्या सुमाराला खड्ड्यात पुरायचं. गुढीपाडव्याच्या आसपास काढतो तेव्हा शेणाचा वास गेलेला असतो, चहापत्तीसारखं भुसभुशीत होतं. एकरी २५ ग्रॅम, १३ लिटर कोमट पाणी. तासभर काठीनं घुसळायचं, एका दिशेनं भोवरा झाला की उलटं फिरवायचं. संध्याकाळी जमिनीवर मोठे थेंब पडतील असं शिंपडायचं. जमीन मऊ झाली, गांडुळं वाढली हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण आम्ही शेणखत, कंपोस्टही भरपूर घालतो, तेव्हा कशानं काय झालं ते देव जाणे. यात ख्रिस्ताचा काय संबंध ते मात्र आम्हाला शिकवायला आलेल्यांनी कधी सांगितलं नाही.

नदीकाठ

@शिवारातला, किती नेमकं लिहिलंत! ही पद्धत १९२४ च्या जूनमधल्या आठ व्याख्यानांतली. ती व्याख्यानं कोबेरविट्झच्या जहागिरीत झाली, आज ते गाव पोलंडमध्ये आहे. रासायनिक खतांनंतर बियाणं आणि जनावरं कमजोर होताहेत अशी तक्रार घेऊन शेतकरीच स्टायनरकडे गेले होते. संबंध असा: गोलगोथानंतर पृथ्वी हाच ख्रिस्ताचा देह झाला असं तो मानतो. मग मातीची निगा हे निव्वळ उत्पन्नाचं काम उरत नाही.

तुमच्या 'कशानं काय झालं' याला धरून सांगते. आमच्या त्याच दहा नंबरच्या ट्रॅमवर दुसऱ्या बाजूला थेरविल लागतं. तिथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक अशी पिकं शेजारी शेजारी घेऊन तुलना चालू आहे. २००२ मध्ये २१ वर्षांचे निष्कर्ष छापले गेले. बिनरासायनिक प्लॉटांत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी, पण खतं आणि ऊर्जा बरीच कमी लागली आणि मातीतली जीवसृष्टी जास्त. मात्र त्यातला किती वाटा शिंगाचा आणि किती कंपोस्टचा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून शिंगखतानं असं होतंच असं मी कुणाला सांगणार नाही.

वसईकर

मी कॅथलिक आहे, घरी रोज रोझरी होते. लेख आवडला पण काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. स्टायनरनं सप्टेंबर १९०९ मध्ये तुमच्या बासेललाच लूकच्या शुभवर्तमानावर व्याख्यानं दिली. त्यात तो म्हणतो की येशू नावाची दोन बाळं होती, कारण मत्तयची वंशावळ दाविदाचा मुलगा शलमोन याच्याकडून येते आणि लूकची दुसरा मुलगा नाथान याच्याकडून. चर्चला वंशावळींतला फरक पहिल्या शतकांपासून माहीत आहे, त्याची उत्तरंही दिली गेलीत. दोन मुलं कुठल्याही शुभवर्तमानात नाहीत. १९१९ मध्ये रोमनं थिऑसॉफीची मतं कॅथलिक शिकवणीशी जुळत नाहीत असा निर्णय दिला. १९९१ मध्ये स्टायनरच्या मदतीनं निघालेल्या 'ख्रिश्चन कम्युनिटी' या पंथाचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असंही ठरलं.

माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. आमच्या आजीला लिहिता वाचता येत नव्हतं. ती क्रुसासमोर गुडघे टेकायची आणि तिला जे मिळायचं ते कृपेनं मिळायचं. स्टायनरकडे सहा हजार व्याख्यानं आहेत. तारण ज्ञानावर अवलंबून असेल तर माझ्या आजीचं काय?

नदीकाठ

@वसईकर, तुमच्या आजींचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्टायनरचं उत्तर असं असतं की गोलगोथावर जे घडलं ते सगळ्यांसाठी घडलं, जाणणाऱ्यांसाठीच नाही. पण व्यवहारात चळवळ शिकलेल्या, वाचणाऱ्या लोकांची झाली हे खरं. हा प्रश्न त्या काळीही उठला. फ्रीडरिश रिटेलमायर हा बर्लिनचा नावाजलेला प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि त्याच्याबरोबरचे तरुण धर्मशास्त्राचे विद्यार्थी स्टायनरकडे गेले, की आम्हाला व्याख्यान नको, उपासना हवी. त्यातून सप्टेंबर १९२२ मध्ये 'ख्रिश्चन कम्युनिटी' उभी राहिली. सात संस्कार, वेदी, मेणबत्त्या, आणि पहिल्या दिवसापासून पुरोहितांमध्ये स्त्रिया. मतांची सक्ती नाही, पुरोहितालाही स्वतःच्या समजेनुसार शिकवायची मोकळीक. स्टायनरनं ती सोसायटीपासून वेगळी ठेवली. तो स्वतः पुरोहित झाला नाही.

मी त्यांच्या उपासनेला बसले आहे. शांत असते, भाषा जुनी वाटते. पण वसईच्या एका लग्नात मिस्सेला जे सगळं गाव एका आवाजात गातं तसं तिथे काही नव्हतं, हे कबूल करायला हवं. दोन येशू मलाही पटत नाहीत. स्टायनर ते आतल्या दृष्टीनं पाहिलं म्हणून सांगतो, आणि तपासायला आपल्या हाती काही नाही.

प्रश्नचिन्ह

तीन मुद्दे. एक, स्टायनरच्या काही व्याख्यानांत कातडीच्या रंगावरून माणसांच्या क्षमता ठरवलेल्या आहेत. दोन, नाझी काळात काही अँथ्रोपॉसॉफिस्ट राजवटीशी जुळवून घेत होते. तीन, युरोपातल्या काही वॉल्डॉर्फ शाळांत लसीकरण कमी असल्यानं गोवराच्या साथी आल्या. हे लेखात का नाही?

नदीकाठ

@प्रश्नचिन्ह, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि ते धाग्यावर असायलाच हवेत, मांडलंत हे चांगलं केलंत.

वंशाबद्दलची ती वाक्यं मी वाचली आहेत. ती वाईट आहेत आणि 'त्या काळाचं' म्हणून सोडून द्यावीत असं मला वाटत नाही, कारण त्यांचा रोख आपल्यासारख्यांवरही येतो. त्याच माणसानं माणसाचं मोल वंशावर नाही, व्यक्तीवर असतं असंही वारंवार सांगितलं, पण एकानं दुसरं पुसलं जात नाही. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघानं २००७ मध्ये स्टुटगार्टचं निवेदन काढून वंशभेदाला जाहीर विरोध केला.

नाझी काळ: नोव्हेंबर १९३५ मध्ये सोसायटीवर बंदी आली, १९४१ मध्ये ख्रिश्चन कम्युनिटीवर. काही सभासद छळले गेले, काहींनी राजवटीची बाजू घेतली. त्याच १९३५ मध्ये सोसायटीनं आपल्याच दोन ज्येष्ठ स्त्रियांना, डॉक्टर इटा वेगमन आणि गणितज्ञ एलिझाबेथ फ्रीडे यांना, कार्यकारिणीतून काढलं. जग जळत असताना ही माणसं आपापसांत भांडत होती, याचं मला फार वाईट वाटतं.

लसीबद्दल माझं मत सरळ आहे: मुलांना लस द्यावी.

सोनचाफा

माझी मुलगी मुंबईत अशाच एका शाळेत जाते. शाळेत स्टायनरचं तत्त्वज्ञान शिकवत नाहीत, शिक्षक मात्र स्वतः वाचतात. युरिथमी असते. पहिल्यांदा मला ती कवायत वाटली, मग नाच वाटला, दोन्ही नाही हे हळूहळू कळलं. यावर लिहा ना.

नदीकाठ

@सोनचाफा, युरिथमीचा जन्म एका घरातल्या अडचणीतून झाला. १९११ मध्ये लोरी स्मिट्स या अठरा वर्षांच्या मुलीचे वडील गेले. आईनं स्टायनरला विचारलं, मुलीला हालचालीचं काही शिकायचंय, काय शिकवू? त्यातून १९१२ पासून ही कला घडत गेली, पुढे स्टायनरच्या बायकोनं, मारीनं, तिला रंगमंचावर आणलं. प्रत्येक स्वराला आणि व्यंजनाला हाताची एक मुद्रा आहे. 'आ' म्हणताना दोन्ही हात उघडतात, 'ओ'ला गोल होऊन जवळ घेतात. कविता कोणीतरी वाचतं आणि नर्तक ती अंगानं बोलतात. सैल रेशमी झगे, त्यावर पातळ ओढण्या. डॉर्नाखच्या रंगमंचावर मी पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर अभिनय अजिबात नव्हता, सगळं लक्ष हात आणि ओढणी यांच्यामध्ये हलणाऱ्या हवेकडे जात होतं. भरतनाट्यम् शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र डोळ्यांचा अभिनय नसणं सहन झालं नाही, ती मध्यंतरात निघून गेली.

पहिली वॉल्डॉर्फ शाळा सप्टेंबर १९१९ मध्ये स्टुटगार्टला निघाली ती सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. कारखानदार एमिल मोल्टनं पैसे उभे केले. आज फी ऐकून ही गोष्ट कुणाला खरी वाटत नाही.

देवगिरी

ल्युसिफर-अहरिमानच्या मधला ख्रिस्त वाचून बुद्धाचा मध्यम मार्ग आणि गीतेचं 'युक्ताहारविहारस्य' आठवलं. हे तेच नाही का? आणि स्टायनर गीतेबद्दल काही म्हणाला आहे का?

नदीकाठ

@देवगिरी, जवळचं आहे, तेच नाही. मध्यम मार्गात दोन्ही टोकं सोडायची असतात. स्टायनर म्हणतो, ल्युसिफर आणि अहरिमान दोघांनीही माणसाला काहीतरी दिलंय. ल्युसिफरनं स्वातंत्र्य आणि कला, अहरिमाननं काटेकोर विचार आणि यंत्रविद्या. त्यांना हाकलता येत नाही, जागेवर ठेवावं लागतं. शिल्पातला तो उचललेला आणि तो खाली गेलेला हात म्हणून मला इतका महत्त्वाचा वाटतो.

गीतेबद्दल: कोलोनला सोसायटी स्थापन झाली त्याच दिवसांत, २८ डिसेंबर १९१२ ते १ जानेवारी १९१३, त्यानं गीता आणि (बायबलमधली) ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाची पत्रं यांवर सलग पाच व्याख्यानं दिली. गीतेबद्दल फार आदरानं बोलतो. तिला शांत, उत्तुंग, परिपक्व म्हणतो. त्यापुढे पौल तापट, व्यक्तिगत, भांडखोर. पण त्याचा निष्कर्ष असा की गीता हे जुन्या युगाचं पिकलेलं फळ आहे आणि पौलाची पत्रं हे नव्या युगाचं कोवळं बी.

इथे मी त्याच्याशी ठाम असहमत आहे. स्टायनर भारतात कधी आला नाही आणि गीता आपल्याकडे कशी जगली हे त्याला कळलं नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी तिच्यावर नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या त्या बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या भाषेत. आणि स्टायनर कोलोनला हे बोलत होता तेव्हा मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांचं 'गीतारहस्य' पेन्सिलीनं लिहून तयार होतं, १९१५ मध्ये ते छापून आलं आणि गीता पुन्हा कर्माला लावणारी झाली. तिला संपलेलं फळ कसं म्हणणार? ती पाच व्याख्यानं इंग्रजीत मिळतात. वाचायची असतील तर सांख्य आणि योगावरचा सुरुवातीचा भाग सावकाश वाचा, त्यात त्याची मेहनत दिसते. पौलावरचा भाग वसईकरांनी वाचून इथे लिहावं अशी माझी विनंती आहे.